छंदाची हजेरी

छंदाचे ओझे झाले आहे का, हे ओळखण्याची माझ्यापुरती एक खूण आहे. ज्या कामात मन रमलेले असते ते मध्येच थांबवावे लागले की हुरहुर लागते; जे काम केवळ पार पाडायचे असते ते संपले की सुटल्यासारखे वाटते. शाईने रेखाटने करणे हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद आहे, आणि मध्यंतरी एक मोठा काळ असा गेला की वही मिटताना मला फक्त सुटल्यासारखे वाटत असे. सक्ती कोणाचीच नव्हती. त्या चित्रांचे कोणी पैसे देत नव्हते, कोणी त्यांची वाट पाहत नव्हते, आणि एखाद्या दिवशी चित्र काढले नसते तर कोणाला त्याचा पत्ताही लागला नसता. तरीही रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप आलेली असताना, ‘आजचे राहिले’ म्हणून मी पेन हातात घेत असे, आणि काय न्याहाळावेसे वाटते यापेक्षा काय लवकर उरकेल या हिशेबाने विषय निवडत असे.

ही गोष्ट माझ्या एकटीची नाही, म्हणून हे लिहीत आहे. क्रोशाचे विणकाम करणारे, कविता लिहिणारे, छायाचित्रे काढणारे, गाणे शिकणारे असे अनेकजण भेटतात आणि बोलता बोलता एकच सूर लागतो: आवडत होते म्हणून सुरू केले, आणि आता त्या सामानाकडे पाहिले तरी अपराधी वाटते. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘थोडे दिवस बंद ठेव’. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. हजेरीपट तसाच भिंतीवर टांगून ठेवला तर घेतलेली सुट्टी ही सुट्टी राहत नाही, ती गैरहजेरी होते. आपण चित्र काढत नाही, पण ‘काढत नाही आहोत’ याची नोंद मात्र रोज होत राहते, आणि परत वहीपाशी येताना त्या साऱ्या रिकाम्या चौकटी आपल्याबरोबर येतात. म्हणून काम थांबवण्याआधी हजेरी घेणे थांबवायला हवे. आणि ती घेणारे आपणच असल्यामुळे हे वाटते तितके सोपे नसते.

बाहेरून आलेल्या आमिषाने आवडीचे काय होते, याचा एक जुना आणि बराच प्रसिद्ध प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो 1973 मध्ये प्रसिद्ध केला. मुळातच चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगून ठेवले की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता अचानक दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी, कोणतेही बक्षीस समोर नसताना, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रकलेत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे बक्षिसाने बिघाड केला नव्हता. ‘हे कशासाठी करायचे’ याचे उत्तर आधीच बदलून गेले होते, त्याने तो केला होता.

हे वाचून माझ्यासारखा माणूस म्हणेल की मला कोण प्रशस्तिपत्र देणार आहे! पण मला अधिक बोलका वाटतो तो रिचर्ड रायन यांचा 1982 मधला अभ्यास, कारण त्यात दाब आतून येतो. त्यांनी विद्यार्थ्यांना चित्रांत दडलेल्या आकृती शोधण्याची कोडी दिली आणि त्यांतल्या काहींच्या मनात एवढेच भरवले की या कोड्यांत बुद्धिमत्तेचा कस लागतो. नंतरच्या मोकळ्या वेळात हेच विद्यार्थी त्या कोड्यांकडे कमी वळले. स्वतःची लायकी एकदा पणाला लागली की तीच कोडी खेळ म्हणून उरत नाहीत. पुढे 1985 मध्ये रायन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की समोर आरसा किंवा कॅमेरा ठेवला तरी कामातला आपसूक रस घटतो. रोजचे चित्र रोज समाजमाध्यमांवर टाकायचे असे ठरवून बसलेल्या माणसासमोर कॅमेरा सतत असतोच, मग त्या चित्राकडे कोणी ढुंकून पाहो वा न पाहो. चित्र अर्धे झालेले असतानाच ते पडद्यावर कसे दिसेल याचा विचार सुरू होतो, आणि हात सावध होतो. सावध हाताने काढलेली रेघ मला तरी लगेच ओळखू येते. ती बरोबर असते, पण तिच्यात जीव नसतो.

छंद ओझे झाला की आपण घाईघाईने निष्कर्ष काढतो की आपल्याला ती गोष्ट आता आवडतच नाही. इथे रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केलेली मांडणी मला उपयोगी पडली. आवडत्या कामाशी जडणाऱ्या नात्याचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकात माणूस ते काम मोकळ्या मनाने करतो आणि त्याच्या उरलेल्या आयुष्याशी ते जुळवून घेते. दुसऱ्यात ते काम माणसावर ताबा मिळवते, त्याची स्वतःबद्दलची किंमत त्या कामाला बांधली जाते, आणि करता आले नाही की मन खात राहते. दोन्हींत ओढ खरीच असते. त्यामुळे अपराधी वाटणे हा प्रेम आटल्याचा पुरावा नाही, आणि ते प्रेम उतू जात असल्याचाही नाही. बांधणी कुठेतरी चुकली आहे, एवढेच त्यातून कळते. (एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. छंदातलाच नव्हे, तर जवळपास सगळ्याच गोष्टींतला रस दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ गेलेला असेल तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा माझ्या पोस्टपेक्षा डॉक्टरांना भेटणे अधिक महत्त्वाचे आहे.)

आता मोजणीबद्दल, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. आजच्या छंदांभोवती दिवस मोजणारी यंत्रणा सहज उभी राहते. ऑक्टोबरचे 31 दिवस रोज एक शाईचे चित्र काढण्याचा ‘इंकटोबर’ हा उपक्रम जेक पार्कर या चित्रकाराने 2009 मध्ये सुरू केला तो स्वतःचा शाईकामाचा हात सुधारावा म्हणून. त्याच्या नियमांत एक दिवसाआड, किंवा अगदी आठवड्यातून एकदा चित्र काढण्याचीही मुभा आहे. पण ती मुभा घेणारे किती दिसतात? आकडा समोर आला की आपण मोठाच उचलतो आणि मुभा आपल्याहून कच्च्या लोकांसाठी आहे असे समजतो. महिनाभरात 50,000 शब्दांची कादंबरी लिहिण्याच्या आव्हानातही तेच होते. रोजचे सुमारे 1,667 शब्द लिहायचे असतात. तीन दिवस चुकले तर उरलेल्या दिवसांचा वाटा सुमारे 1,852 वर जातो, आणि ज्याला आधीच जमले नव्हते त्याच्यापुढे आता अधिक अवघड काम येते.

मोजणी काढून घेतली तर काय होते, याचे एक चांगले उदाहरण संगणकाच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जगातले आहे. गिटहब या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या पानावर ‘सलग किती दिवस काम केले’ हा आकडा दिसत असे. 2016 मध्ये तो काढून टाकण्यात आला, तोही पूर्वसूचना न देता. संशोधकांनी पुढे या बदलाचा अभ्यास केला तेव्हा आढळले की लांबलचक चाललेल्या साखळ्या तुटल्या, शनिवार-रविवारचे काम घटले, आणि दिवसभरात एकच नोंद असलेले दिवस कमी झाले. या शेवटच्या निरीक्षणापाशी मी बराच वेळ थांबले. एकच नोंद असलेल्या दिवसांपैकी किती दिवस ‘साखळी तुटू नये म्हणून काहीतरी करून टाकले’ असे असतील! माझ्या वहीत अशी पाने ओळीने सापडतात: कप, किल्ली, पुन्हा कप, चष्मा, पुन्हा किल्ली. वस्तूंचा काही दोष नाही. किल्लीचे उत्तम चित्र होऊ शकते. पण ती मी पाहिली नव्हती, उरकली होती.

म्हणूनच ‘रोज फक्त पाच मिनिटे कर’ हा लोकप्रिय उपाय मला पटत नाही. सुरुवात करणाऱ्याला तो चालतो, कारण त्याची अडचण सुरू करणे ही असते. ज्याची अडचण थांबता न येणे ही आहे, त्याला पाच मिनिटांचा नियम म्हणजे कमी उंचीचा, पण तोच दरवाजा असतो. शिवाय एक दिवस चुकला की सारे ढासळेल, ही भीतीही फारशी खरी नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर केलेल्या, 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी नवी सवय अंगवळणी पडण्याचा अंदाजित काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत कितीही निघाला, आणि मधली एखादी संधी हुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचा होता, चित्रकलेचा नव्हता. पण ‘एक खाडा म्हणजे सर्वनाश’ ही समजूत कुठल्या पुराव्यावर उभी नाही, एवढे सांगायला तो पुरेसा आहे.

मग करावे काय? माझ्या उपयोगी पडलेले उपाय बहुतेक वजाबाकीचे आहेत. पहिला म्हणजे पानांवर तारीख आणि क्रमांक घालणे बंद करणे. हे क्षुल्लक वाटेल, पण तारीख नसलेल्या वहीत खाडा दिसतच नाही, आणि दिसला नाही तर तो भरून काढायची घाईही होत नाही. दुसरा म्हणजे जाहीर केलेले वचन तितक्याच स्पष्टपणे मागे घेणे. ‘रोज एक चित्र’ असे आपण चारचौघांत सांगितलेले असते, आणि ते गुपचूप विरू दिले तर मनात ते थकबाकीसारखे पडून राहते. एका ओळीत ‘हे मी आता बंद केले आहे’ असे लिहून टाकावे. कारणे देऊ नयेत, कारण कारणे देताना आपण पुन्हा कोणापुढे तरी उभे राहतो. तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो: छंदाचा एक भाग असा ठेवावा की तो कोणालाही दाखवायचा नाही. त्यात वाईट चित्रे काढण्याची मोकळीक परत मिळते, आणि वाईट चित्रे काढता येणे हे शिकत राहण्यासाठी किती आवश्यक आहे, हे ती मोकळीक गेल्यावरच कळते.

अर्धवट कामांचा ढीग हा दाबाचा आणखी एक झरा आहे. त्यांतल्या प्रत्येकाला पूर्ण करण्याचे बंधन नाही. विणकाम उसवून लोकर पुन्हा गुंडाळता येते, आणि अर्धे चित्र ‘हे इथेच संपले’ असे म्हणून बाजूला ठेवता येते. भेट म्हणून ‘मलाही एक करून दे’ म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. नाही म्हणावे, आणि पहिल्यांदाच म्हणावे.

इथे कोणीतरी रियाजाचा मुद्दा काढेल, आणि तो रास्त आहे. शिस्तीशिवाय हात तयार होत नाही, कंटाळ्याचे दिवसही शिकवून जातात, हे मला मान्य आहे. पण ज्याला त्या कलेत एखादी विशिष्ट गोष्ट साधायची आहे त्याने स्वीकारलेला रियाज आणि केवळ खंड पडू नये म्हणून केलेली हजेरी यांत फरक आहे. रियाजात आज काय सुधारायचे हे ठरलेले असते. हजेरीत फक्त ‘झाले’ एवढेच लिहायचे असते. मी स्वतः हौशी आहे आणि हौशीच राहणार आहे, तरी हाताच्या बोटांची रेखाटने मला जमत नाहीत म्हणून मी ती मुद्दाम गिरवते. त्याचे मला ओझे वाटत नाही.

याबाबतीत रोसिनी या इटालियन संगीतकाराचे आयुष्य मला विलक्षण वाटते. वीस वर्षांच्या आत 39 ऑपेरा लिहून झाल्यावर, 1829 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी त्याने ऑपेरा लिहिणे थांबवले. त्याची कारणे काय होती यावर चरित्रकारांत मतभेद आहेत आणि त्यांत आजारपणही येते, त्यामुळे त्यातून सोयीचा धडा काढणे बरे नव्हे. पण उतारवयात पॅरिसमध्ये तो पुन्हा लिहू लागला तेव्हा त्याने लिहिल्या त्या घरी शनिवारी जमणाऱ्या मित्रमंडळींसाठीच्या छोट्या, मिश्कील पियानोरचना आणि गाणी. स्वतःला तो चौथ्या दर्जाचा पियानोवादक म्हणवून घेत असे, आणि या रचना छापायला त्याने नकार दिला होता. ज्याच्या नावावर सारा युरोप डोलला होता त्याला चौथ्या दर्जाचे होऊन पाहावेसे वाटले, तर आपण पहिल्या दर्जाचे दिसण्याचा आटापिटा कोणासाठी करतो आहोत?

शेवटी एक शक्यता उरते, जी बोलायला लोक कचरतात. मोजणी थांबवली, दाखवणे थांबवले, वचने मागे घेतली, आणि तरीही वहीपाशी जावेसे वाटत नाही, असे होऊ शकते. तेव्हा छंद संपला असेही असू शकते, आणि आयुष्यात तसे होण्यात काही वावगे नाही. सामानावर खर्च केला आहे म्हणून छंद ओढत नेण्यात अर्थ नाही. तो खर्च परत येणार नाही, पण रंग आणि कागद दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतील. द्यायचे नसेल तर ठेवून द्यावे. ट्यूबमध्ये सुकलेले जलरंग पाणी लावले की सहसा पुन्हा वापरता येतात, तेव्हा त्या बाबतीत तरी घाई नाही. अ‍ॅक्रिलिक रंग एकदा सुकले की गेले, ते मात्र लवकर देऊन टाकावेत. आणि ‘हल्ली चित्रे का दिसत नाहीत?’ असे कोणी विचारलेच, तर ‘हल्ली काढत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याला ‘पण लवकरच सुरू करणार आहे’ हे शेपूट जोडू नये, कारण बोलून झाल्यावर तेच पुढचे वचन होऊन बसते.