खुब्याच्या ऑपरेशननंतर हाड मोडलं: ‘कोटीची केस’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘खुबा बदलल्यावर हाड मोडलंय? मग ही कोटीची केस आहे!’ या ओळीने सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मी इथे ग्राहक आयोगात वकिली करतो, त्यामुळे लोक तो मोबाइलवर उघडूनच माझ्यासमोर बसतात. मेसेजचा सारांश असा: खुब्याचं ऑपरेशन नीट झालं असेल तर हाड मोडतच नाही, मोडलं तर डॉक्टर तरी चुकला किंवा सांधा तरी बोगस. सरकारने अशा प्रत्येक रुग्णाला ३० लाख ते सव्वा कोटी मंजूर केले आहेत. आधी पोलिसांत एफआयआर करा. संमतीपत्रावर सही केली असेल तर मात्र विसरा. तक्रारीला मुदत नाही, सावकाश करा. निकाल लागेपर्यंत दुसरं ऑपरेशन करू नका, पुरावा नष्ट होतो. आणि शेवटी एक फोन नंबर: ‘केस जिंकलो तरच फी’.

मेसेजच्या क्रमाने जात नाही. ज्या वाक्याने माणूस जिवानिशी जाऊ शकतो, ते आधी घेतो.

‘निकाल लागेपर्यंत दुसरं ऑपरेशन करू नका.’

मांडीचं हाड मोडलेला सत्तरीतला रुग्ण खाटेवर पडून राहिला की काय होतं, हे कुठल्याही हाडांच्या वॉर्डात दिसतं. पाठीला जखमा, छातीत कफ साचून न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. कायद्याने ग्राहक आयोगाला तक्रार निकाली काढायला तीन महिने दिलेत, वस्तूची चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. तेवढा काळ मोडलेलं हाड ‘जपून’ ठेवायचं?

पुराव्याबद्दलही हे उलटं आहे. कृत्रिम खुब्याभोवतीचं हाड मोडलं की सर्जन पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मांडीच्या हाडात बसवलेला दांडा, म्हणजे स्टेम, अजून घट्ट आहे की सैल झालाय. घट्ट असेल तर सहसा प्लेट, स्क्रू आणि वायर लावून हाड जोडतात. सैल असेल तर तो काढून लांब स्टेम बसवावा लागतो, त्यालाच रिव्हिजन म्हणतात. एक्स-रेवरून दर वेळी खात्री होत नाही. आत उघडून पाहणारा दुसरा सर्जन आपल्या ओटी नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत, लिहितो की स्टेम हलत होता, चीर जुनी दिसत होती, हाड पातळ झालं होतं. तुमच्या केसमधला सगळ्यात मोलाचा कागद हाच. तो दुसऱ्या ऑपरेशनशिवाय तयारच होत नाही.

करायचं ते एवढंच. ऑपरेशनआधीचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन सीडीवर घ्या, नुसता रिपोर्ट नको. काढलेला स्टेम, त्यावरचा बॉल आणि तो ज्यात फिरतो तो कप टाकून न देता आमच्या ताब्यात द्या असं रुग्णालयाला आधीच लेखी कळवा, नाहीतर तो जैववैद्यकीय कचऱ्यात जातो. आणि ऑपरेशन उरका. मुद्दाम उशीर केलात, तर पुढचं नुकसान रुग्णाने स्वतः ओढवून घेतलं असं समोरचा वकील म्हणणार, आणि त्यात त्याचं काही चूक नसेल.

‘ऑपरेशन नीट झालं असेल तर हाड मोडत नाही.’

मोडतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हजारो ऑपरेशनांच्या नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्यांदाच खुबा बदललेल्यांत नंतर हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे १ टक्का होतं, पुन्हा बदललेल्यांत सुमारे ४ टक्के. ऑपरेशन चालू असतानाच हाडाला चीर जाण्याचं प्रमाण सिमेंट (हाडांसाठीचं खास, बांधकामाचं नव्हे) लावून बसवलेल्या स्टेममध्ये अगदी नगण्य होतं, बिनसिमेंटच्या स्टेममध्ये ५ टक्क्यांच्या आसपास.

हा फरक का, ते समजून घेण्यासारखं आहे. बिनसिमेंटचा स्टेम हाडाच्या पोकळीत ठोकून गच्च बसवतात, म्हणजे हाड त्याला धरून वाढतं. लाकडात पाचर ठोकताना कधी चीर जाते, तसं ठिसूळ हाडात होऊ शकतं. म्हणून खुब्याचं हाड पडून मोडलेल्या वयस्कर रुग्णांत सिमेंट वापरावं, अशी शिफारस इंग्लंडच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने केली आहे. पण पन्नाशीच्या आतल्या, हाड दणकट असलेल्या माणसात बिनसिमेंटचा स्टेम ही सर्रास आणि योग्य निवड आहे. ‘सिमेंट वाचवलं’ हा मेसेजवाल्यांचा आवडता आरोप त्या रुग्णाच्या बाबतीत हास्यास्पद ठरतो.

धोका कोणाला जास्त? सत्तरी ओलांडलेले, पाळी गेलेल्या स्त्रिया, हाडं ठिसूळ असलेले, संधिवाताचे रुग्ण, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेले, आणि ज्यांचा खुबा आधीच एकदा बदललाय ते. काही वर्षांनी मोडणाऱ्या हाडामागे आणखी एक कारण असतं. सांध्यातलं प्लास्टिक झिजतं, त्याच्या बारीक कणांमुळे स्टेमभोवतीचं हाड विरघळत जातं, दुखतही नाही. मग पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्यावर पाय घसरायचं निमित्त होतं. ‘दुखत नाही तर एक्स-रे कशाला’ म्हणून तपासणीला न जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणजे डॉक्टर कधीच चुकत नाही असं नाही. माझ्या मते खरी केस इथे असते: ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत चीर दिसत होती पण कोणी पाहिली नाही. किंवा पाहिली, वायरही लावली, पण रुग्णाला सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वजन टाकून चालवलं. किंवा रुग्ण आठवडेच्या आठवडे ‘मांडीत कळ येते, पाय टेकवत नाही’ म्हणत राहिला आणि नवा एक्स-रे न काढता गोळ्या वाढवल्या. चीर जाणं ही गुंतागुंत आहे. तिच्याकडे डोळेझाक करणं हा निष्काळजीपणा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात ठरवलेली कसोटीही याच दिशेची: त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर असं वागला असता का? परिणाम वाईट झाला एवढ्याने भागत नाही.

सांधा बोगस असल्याच्या आरोपाबद्दल थोडं. हाड मोडणं आणि धातूचा स्टेमच मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी, एक्स-रेत दोन्ही स्पष्ट दिसतात. सांध्यातच दोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्रपणे आली आहे. त्यासाठी तुमच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या सांध्याचं, स्टिकर हवं, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. बहुतेकांच्या फाइलमध्ये ते असतं आणि बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं.

‘सरकारने ३० लाख ते सव्वा कोटी मंजूर केलेत.’

हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच लोक फसतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा होता. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० ठिकाणी बसवलेला होता. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने दोष दाखवला आणि २०१८ च्या अखेरीस वय आणि अपंगत्व पाहून सुमारे ३० लाख ते १ कोटी २३ लाख भरपाईचं सूत्र ठरलं. त्यावरही कोर्टबाजी झाली.

ती भरपाई त्या एका सांध्यापुरती होती. आज प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या कपाचा खुबा बसवलेल्या आणि बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलेल्या आजींचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. ज्यांचं ऑपरेशन २०१० च्या आधीचं आहे त्यांनी स्टिकर जरूर तपासावं.

‘आधी एफआयआर करा.’

फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो. जेकब मॅथ्यू निकालानेच पोलिसांना सांगितलंय की डॉक्टरवर कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्या आणि उठसूट अटक करू नका. आपल्याकडे हे मत सहसा जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मागवलं जातं. मत ‘निष्काळजीपणा दिसत नाही’ असं आलं, की तेच मत डॉक्टरचा वकील ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध वापरतो. हाड मोडल्याच्या प्रकरणात पहिली पायरी म्हणून पोलीस ठाणं गाठणं मला बहुतेक वेळा घातक वाटतं. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार हा वेगळा मार्ग आहे. परिषद डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ वगळू शकते, पैसे मात्र देत नाही.

‘सही केली असेल तर विसरा.’

चूक, आणि गंमत म्हणजे या एका बाबतीत काही रुग्णालयंही मेसेजवाल्यांच्याच बाजूने बोलतात: ‘फॉर्मवर लिहिलंय ना, हाड मोडू शकतं म्हणून!’ संमती धोक्याला असते, हलगर्जीपणाला नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालाने हेही स्पष्ट केलं की उपचार काय, पर्याय काय, ठळक धोके काय हे रुग्णाला पुरेसं कळलं असेल तरच ती खरी संमती. ऑपरेशन थिएटरच्या दारात इंग्रजी छापील फॉर्मवर घेतलेला अंगठा आयोगापुढे फारसा टिकत नाही. मात्र मराठीत, हाताने, ‘हाडाला चीर जाण्याचा धोका समजावला’ असं लिहून सही घेतलेली असेल, तर ‘आम्हाला सांगितलंच नाही’ हा मुद्दा गेला म्हणून समजा.

‘मुदत नाही, सावकाश करा.’

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. उशीर माफ होतो, पण सबळ कारण लागतं. दोष उशिरा कळला तर मुदत कळल्यापासून मोजता येते, पण दुखणं अंगावर काढत बसलेल्याला त्याचा फायदा नाही. २०१० च्या श्रीखंडे प्रकरणात ऑपरेशननंतर नऊ वर्षं त्रास असूनही रुग्णाने त्याचं कारण शोधलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली.

बाकी गोष्टी लोकांना वाटतात त्यापेक्षा सोप्या आहेत. कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही मागता त्या रकमेवर नाही, तर तुम्ही उपचारासाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे खुब्याची केस नाशिकलाच चालते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ऑपरेशन मुंबईत झालेला सिन्नरचा रुग्ण नाशिकमध्ये दाद मागू शकतो. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. जिथे कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत अशा रुग्णालयातला उपचार मात्र या कायद्याबाहेर, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून ठरलेलं आहे.

दोन वर्षांतले पहिले काही दिवस कागदांसाठी वापरा. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपायचं बंधन आहे. मागायचं काय: ओटी नोट, भूल नोट, संमतीपत्र, नर्सिंग चार्ट, फिजिओथेरपीच्या नोंदी, इम्प्लांटचं बिल आणि स्टिकर, तारखेसह सगळे एक्स-रे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. वजन टाकायला कधी सांगितलं हे कार्डावर क्वचितच असतं, फिजिओच्या कागदावर असतं. शहरातलं रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे जा.

मग हे सगळं घेऊन एखाद्या दुसऱ्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या हाडांच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०१० मध्ये म्हटलंय. पण हाडाच्या केसमध्ये ते नसलं तर तुम्ही एक्स-रे हातात धरून नुसते उभे राहता. नाशिकमध्ये सहकाऱ्याविरुद्ध लिहून द्यायला डॉक्टर कचरतात, हेही खरं. पुण्या-मुंबईला जावं लागतं.

‘केस जिंकलो तरच फी.’

ही अमेरिकेतली पद्धत. तिथले वकील जाहिराती करून टक्केवारीवर केस घेतात, आणि मेसेजचा अर्धा मजकूर तिथूनच उचललेला दिसतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही टक्केवारीची अशी मागणी हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला. त्या नंबरवर बोलणारा खराच वकील असेल तर तो पहिल्याच वाक्यात नियम मोडतोय, आणि नसेल तर त्याला तुमची फाइल कशाला हवी? ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. वकील दिलात तरी मूळ एक्स-रे आणि ते स्टिकर कोणाच्याही हाती सोपवू नका, झेरॉक्स द्या.