पाच वर्षं झाली की मूल बापाचं? कुणी सांगितलं?

पंधरा दिवसांत एकच मजकूर इंदूरच्या तीन मराठी ग्रुपांवर मला आला. त्यातला एक तर आमच्या रामबागेतल्या हळदीकुंकवाचा. मजकूर असा: ‘नवरा-बायको वेगळे झाले तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईकडे, पाच पूर्ण होताच कायद्याने आपोआप वडिलांकडे. म्हणून वडिलांनी घाई करू नये, पोटगी भरू नये. नऊ वर्षांनंतर मूलच ठरवतं. कोर्टाने एकदा ताबा दिला की बदल नाही.’

हसून सोडून दिलं असतं. पण माझा भाचा म्हणाला, ‘‘आत्या, आठच महिने राहिलेत, मग ती माझ्याकडेच.’’ त्याची लेक आईबरोबर जळगावला, आजोळी आहे.

पाच वर्षांचं बघू. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 एवढंच म्हणतं, की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचनंतर आपोआप कुणाकडे, हे त्यात कुठेच नाही. गोंधळाचं मूळ मला दिसतं ते त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलंय त्यात. पण 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, असा अर्थ लावला. शिवाय पालकत्व (मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार) वेगळं, ताबा (मूल कुणाजवळ राहतं) वेगळा. आणि कलम 13 नुसार सगळ्यांच्या वर मुलाचं हित. पाचव्या वाढदिवसाला कुणी पोरीला इंदूरला आणून सोडणार नाही.

खरा घात ‘घाई करू नका’मध्ये आहे. कोर्ट बघतं की मूल कुठे रुळलंय, शाळा कुठली, रात्री कुणाच्या कुशीत झोपतं. आठ महिन्यांत ती पोर जळगावच्या शाळेत रमेल आणि बापाला विसरायला लागेल. मग पेशीवर समोरचा वकील एकच विचारेल: इतके दिवस साधा भेटीचा अर्जही का नाही केला? अर्ज आजही करता येतो. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 12 खाली निकालाआधीच तात्पुरती व्यवस्था मागता येते. व्हिडिओ कॉलवर बोलणंही त्यात मागावं. मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे आणि भेट शक्य नसेल तिथे फोन-व्हिडिओवर संपर्क असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलंय.

अर्ज कुठे करायचा, यावर मजकूर गप्प. या कायद्याखाली मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. म्हणजे भाच्याला जळगावला. घटस्फोटाचा दावा इंदूरला चालू असता तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्यातच मागता आलं असतं. तो चालू नाही. आपल्याकडच्या कितीतरी सुना नाशिक-जळगावच्या, तेव्हा हे आधी विचारून घ्यावं.

पोटगी मुलाच्या पोटासाठी असते, भेटीचं तिकीट नव्हे. ती थांबवून ताबा मागायला जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. उलटही तेच: पैसे आले नाहीत म्हणून आईनेही कोर्टाने ठरवलेली भेट अडवू नये.

नऊ वर्षांचा आकडा कुठून आला देव जाणे. पालक व पाल्य कायद्याचं कलम 17 म्हणतं, मूल समजून-उमजून आवड सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वय लिहिलेलं नाही, आणि ठरवतं कोर्टच.

राहिलं ‘बदल नाही’. 1973 च्या रोझी जेकब निकालापासून कोर्टं उलट सांगतायत: ताब्याचा हुकूम परिस्थिती बदलली तर बदलता येतो. आज भेटीपुरतंच मिळालं तरी पुढचं दार बंद होत नाही.

हे सगळं ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘बऱ्हाणपूरवरून जाणारी रात्रीची बस किती वाजता असते गं?’’