विमा? शुभ बोला हो!

परदेशात विमानानं उतरून पुढं स्वतः गाडी चालवायची ठरवलीत, उत्तम केलंत. सकाळी सहाला बसमध्ये डोकी मोजून घ्यायचे दिवस संपले. आता तुम्ही, सौ., मेव्हणा, त्याची बायको आणि आइसलँडचा रिंग रोड. माझी एकच विनंती आहे. भाड्याच्या गाडीच्या विम्याचा विषय घरात काढू नका. निघायच्या आधीच अपघाताच्या गोष्टी कसल्या करायच्या?

गाडीचं बुकिंग रात्री जेवणं उरकल्यावर, डोळे मिटत असताना, मोबाइलवर करावं. सहा साइट उघडाव्यात आणि दिवसाला दोनशे रुपये कमी दिसतील ती गाडी उचलावी. आठ दिवसांचे सोळाशे वाचले, एवढा हिशेब पुरे. खाली बारीक अक्षरांत ‘सीडीडब्ल्यू समाविष्ट’ असं असतं. ‘विमा आहे गं यात’ असं सौ.ना सांगून झोपी जावं. सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) हा खरं म्हणजे विमा नव्हेच. गाडीला काही झालं तर अमुक रकमेच्या वरचं आम्ही तुमच्याकडं मागणार नाही, एवढाच गाडीवाल्यांचा शब्द. त्या रकमेपर्यंतचं सगळं तुमच्या खिशातून. तिला एक्सेस म्हणतात. आमच्या वेळी ती साडेतीन लाख क्रोना होती. क्रोना ऐकून घाबरायचं नाही आणि रुपयांत करून तर मुळीच बघायचं नाही. (दोन लाखांच्या पुढं जातात. म्हटलं ना, बघू नका.)

शिवाय टायर, काचा, छत, गाडीचं पोट आणि किल्ली यांना सीडीडब्ल्यू सहसा हात लावत नाही. थोडक्यात, ज्या भागांना खरोखर काही होतं ते सोडले तर बाकीची गाडी अगदी सुरक्षित आहे.

पैसे भरताना शेवटच्या पानावर ‘संपूर्ण संरक्षण’ नावाचा एक चौकोन येतो. त्यावर डोळे मिटून टिचकी मारा. हे संरक्षण बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाचं तरी असतं. काउंटरवरचा माणूस त्याला ओळखही दाखवत नाही. नुकसान झालं तर आधी तुमच्या कार्डावरून पैसे जाणार, मग तुम्ही पावत्या, फोटो, करारपत्र जोडून ते परत मागत बसणार. मेडिक्लेममध्ये कॅशलेस नाकारल्यावर आपण जे करतो तेच, फक्त इंग्रजी मेलवर. ही पॉलिसी कुठल्या देशांच्या रहिवाशांना लागू आहे, ही अट ठाण्याला परत आल्यावर वाचली तरी चालते.

आरटीओतून १००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना मात्र काढाल. तो वर्षभर चालतो, आणि व्हॉट्सअॅपवर टाकायला फोटोही छान येतो.

आता कार्ड. एजंटनं दिलेलं फॉरेक्स कार्ड घेऊन बिनधास्त जा. पहाटे पाच वाजता केफ्लाविक विमानतळाच्या काउंटरवर ते पुढं केलंत की पलीकडची मुलगी फार गोड हसते. अनामत अडकवून ठेवायला क्रेडिट कार्डच हवं, आणि तेही गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं. क्रेडिट कार्ड सौ.च्या नावाचं, गाडी चालवणार तुम्ही. मागं मेव्हणा खाकऱ्याचं पाकीट फोडतोय, रांग वाढतेय आणि मुलगी म्हणते, आमचं मोठं कव्हर घेतलंत तर अनामत बरीच खाली येईल. अशा वेळी माणसानं उमदेपणा दाखवावा. दोनशे रुपयांसाठी जागवलेल्या रात्री विसरून, दिवसाला दोन हजारांच्या चौकोनात सही ठोकावी.

कव्हरांची नावं मात्र ऐकण्यासारखी. एक खडीचं. एक वाळू आणि राखेचं. आपल्याकडं झीरो डेप घेऊन वर इंजिनचं कव्हर घेणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात; इथं राखेचा विमा! हसून घ्या. विक नावाच्या गावाच्या पुढं मिर्दाल्ससांडुर नावाचं काळ्या वाळूचं मैदान लागतं. तिथं वारा सुटला की वाळू गाडीचा रंग खरवडून पत्रा उघडा करते. राखही गंमत म्हणून नाही. २०१० साली इथला एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी फुटला तेव्हा युरोपातली विमानं जमिनीवर बसली होती. तेव्हा राखेला नाही म्हणा आणि चोरीचं कव्हर घ्या. अख्ख्या देशाची वस्ती चार लाखांच्या आसपास, कल्याण-डोंबिवलीच्या निम्मीसुद्धा नाही, आणि पळवलेली गाडी घेऊन चोर जाणार कुठं, तर त्याच रिंग रोडनं फिरून परत तिथंच. पण आपल्याला चोरी कळते, राख कळत नाही.

गाडी ताब्यात घेताना फोटो काढत बसू नका. पाऊस असतो, अंधार असतो, आणि आपल्या गाडीच्या बंपरवर तर ओरखडा दागिन्यासारखा असतो. जुना ओरखडा आणि नवा ओरखडा यांत काय फरक, तो परत करताना ती माणसं बॅटरी लावून समजावून सांगतात.

मग ‘भावोजी, थोडं मला द्या ना’ हे येतंच. मेव्हण्याचं नाव करारात नाही, कारण जादा ड्रायव्हरचे दिवसाला वेगळे पैसे पडतात आणि ते आपण वाचवले. नाव नसलेल्यानं स्टिअरिंग धरलं की घेतलेली सगळी कव्हरं त्या क्षणी रद्दी होतात. पण सासरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? द्या. रस्ता सरळ आहे. ‘मालबिक एंदार’ अशी पाटी आली तर ते गावाचं नाव समजा. आम्ही तसंच समजलो. अर्थ असा की डांबर इथं संपतं. डांबरावर ९०ची मर्यादा, खडीवर ८०ची, आणि मेव्हणा नव्वदचाच आकडा कायम ठेवून खडीवर उतरला. गाडी क्षणभर बर्फावर घसरल्यासारखी तिरकी गेली, पोटाखाली खडी ताशासारखी वाजली, मागं कुणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणालं. ‘एफ’नं सुरू होणाऱ्या डोंगरी वाटांवर तर साध्या गाडीनं जरूर जावं, तिथं ती न्यायलाच बंदी आहे, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर बहुतेक ठिकाणी कुठलंच कव्हर तुमचं नसतं. फोटो मात्र झकास येतात.

राहता राहिला वारा. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडं करा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा, असं किल्लीच्या साखळीवर लिहिलं होतं. आम्ही ती बॅगेत टाकली. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर सौ.नी एका हातात फोन घेऊन दुसऱ्यानं दार उघडलं. पुढचं दाराने स्वतःच केलं. ते बिजागरीसकट पुढं वळलं आणि बॉनेटकडं बघत राहिलं.

मी करारपत्र बाहेर काढलं. खडी होती, चोरी होती, मोठं कव्हरही होतं. वारा कुठंच नव्हता, होता तो वगळलेल्यांच्या यादीत, बारीक अक्षरात. रेक्याविकपर्यंतचा उरलेला रस्ता ते दार वहिनींच्या ओढणीनं सीटला बांधून काढला. मेव्हणा मागून सारखा विचारत होता, ‘भावोजी, ओढणीचा क्लेम लागेल का हो?’