वकट, लेंड, मूंड आणि पुढचं

संक्रांतीला इंदूरात गिल्ली-डंडा खेळायची जुनी पद्धत आहे, तिळगूळ सकाळी आणि गिल्ली दुपारी. तर यंदा मी ठरवलं की मुलाला विटी-दांडू शिकवायचाच. बायको म्हणाली, "अहो, आधी खांद्याचं बघा." मी नाही बघितलं.

पहिली अडचण म्हणजे टाइम. आमच्या लहानपणी रामबागेत खेळायला कोणी कोणाला विचारायचं नाही, खाली जाऊन एक हाक मारायची, दहा पोरं गोळा. आता सोसायटीतल्या पाच मुलांच्या पाच आयांना मेसेज टाकले. एकाचं अबॅकस, एकाचं कराटे, एकीला खेळायला सव्वाचार ते पाच एवढाच स्लॉट. एवढी जमवाजमव तर मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती!

दुसरी अडचण चौकीदार. गल, म्हणजे विटी ठेवायचा छोटा खड्डा, म्हणून पार्किंगच्या कडेला जराशी माती उकरली, हा धावतच आला, "भिया, यहाँ गड्ढा नी करने का." २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येतंय, पण एक वीतभर गल पाहून चौकीदार इतका हादरेल असं वाटलं नव्हतं. शेवटी दोन विटा मांडून त्यांच्यावर आडवी विटी ठेवली.

मग डेमो. पहिल्यांदा कोलली ती सरळ माझ्याच चपलेवर. मुलं शांत होती, हे जास्त लागलं. मग म्हटलं टोला दाखवू, विटीची दोन्ही टोकं निमुळती असतात, टोकावर दांडू हलकेच मारला की ती गरगरत वर उडते आणि तेवढ्यात हाणायचं असतं. उडली, अगदी छान उडली, मी पण हाणला, फक्त विटी तोवर खाली आली होती. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बसला बघा टोला! खण्णकन. सेक्रेटरींच्या गाडीचा आरसा. आणि माझा खांदा.

मुलं खूश. मोजायचं कसं, म्हणून मी दांडूने जमीन मोजत म्हटलं, वकट, लेंड, मूंड, नाल... मुलगा म्हणाला, "बाबा, ये कौनसी भाषा है?" मी छातीठोकपणे सांगितलं, आपली मराठी, आजोबांनी शिकवलेली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे हैदराबादचे काका हसायला लागले, म्हणाले अहो ही तर आमची गिनती, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. म्हणजे मराठी घरातला खेळ, हिंदी गावात, तेलुगूत मोजून खेळत होतो आणि चाळीस वर्षं मला पत्ताच नाही.

बरं, नालच्या पुढे काय? आठवेचना. ग्वाल्हेरला भावाला फोन लावला, तो म्हणे आर, मी म्हटलं मधे काहीतरी होतं, तो म्हणे तू नेहमीच चिडका होतास, १९८८ सालचा एक डाव अजून काढतो तो! पंधरा मिनिटं भांडलो.

तोवर माझा डाव संपला होता, म्हणजे मला बाहेर काढलं होतं. खांद्यावर बर्फ धरून बाल्कनीत बसलो. खाली पोरं जोरजोरात भांडत होती, स्लॉटवाली मुलगी साडेपाचला पण होती आणि तिची आई वरून हाका मारत होती, ती ऐकत नव्हती. विटी डस्टबिनला लागली तर आउट, चौकीदाराला लागली तर डबल. मी खाली ओरडून सांगणार होतो की असं नसतं रे, तेवढ्यात माझा मुलगा दांडू टेकत निघाला,

"वकट, लेंड, मूंड, नाल, पोहा, जलेबी, सेव..."

आणि जलेबीवरून परत भांडण सुरू झालं, दांडू तिरका टेकला म्हणून.