मिशीची कथा अभ्यासताना घ्यावयाची काळजी

मुल्कराज आनंद यांची 'अ पेअर ऑफ मुस्टॅशिओज' ही कथा यंदा तुमच्या अभ्यासक्रमाला लागली असेल, तर पहिलं पथ्य म्हणजे हसू नका. कथा विनोदी आहे हे प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं, 'कथेतील विनोद स्पष्ट करा', सात गुण. तेवढं पुरे. वर्गात कुणी खरंच हसलं, तर सर वाक्य अर्धवट सोडून चष्म्यावरून बघतात, आणि मग इंटर्नलचे मार्क नक्की कुठे गळाले ते शेवटपर्यंत कळत नाही.

कथानक पाठ व्हायला वेळ लागत नाही. गावातले खान आझम खान. घराणं मोठं, घरात मात्र खडखडाट. गावातच रामानंद, वाणी आणि सावकार. खानसाहेब बायकोचा नाकातला दागिना घेऊन दुकानात येतात आणि बघतात तर काय, वाण्याच्या मिशीचं टोक वर वळलेलं! वर वळलेली मिशी वाघाची, खानदानी माणसाची. वाण्याने बोकडाच्या मिशीवर समाधान मानायचं असतं. खानसाहेबांचं रक्त उसळतं. बायकोचा दागिना गेला म्हणून नव्हे, मिशी वर गेली म्हणून. पुढे ते घरातलं किडूकमिडूक सगळं वाण्याच्या नावावर करायला निघतात. मोबदल्यात एकच हवं, त्याची मिशी खाली.

'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' एवढंच तर आहे, असं तुमची आजी म्हणेल. म्हणू द्या. आजीच्या म्हणीला क्रेडिट मिळत नाहीत.

मिशांची उतरंड मात्र तोंडपाठ हवी. सगळ्यात वर सिंहाची मिशी: राजेमहाराजे, नवाब आणि इंग्रज सेनापती. मग वाघाची, जमीनदारांची. मग बोकडाची, नव्याने पैसा केलेल्या व्यापाऱ्यांची. त्याखाली चार्ली चॅप्लिनची, कारकून आणि शिकल्यासवरल्या नोकरदारांची; धड ठेवलीही नाही आणि धड काढलीही नाही, अशी तडजोडीची. मेंढीची मिशी हमालांची, उंदराची शेतकऱ्यांची. याचा तक्ता करा, लॅमिनेट करून घ्या. फक्त तो घेऊन स्टाफरूममध्ये जाऊ नका.

स्टाफरूममध्ये हल्ली सगळ्यांच्या मिशा सफाचट असतात, त्यामुळे तक्त्याचा तिथे काही उपयोग नाही. तिथे खुर्च्या असतात. पंख्याखाली हाताची खुर्ची, तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल, ती कायम झालेल्या सरांची. दाराजवळ प्लॅस्टिकच्या, त्या तासिका तत्त्वावरच्या सरांच्या. हीच कथा वर्गात शिकवून आलेले तासिकावाले सर एकदा घाम पुसत चुकून टॉवेलच्या खुर्चीत टेकले. कुणी काही बोललं नाही. शिपाई चहा घेऊन आला, ट्रे तसाच हातात धरून उभा राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, "सर, ती मोठ्या सरांची." सर उठले. उठताना टॉवेल घसरला, तो त्यांनीच नीट घडी करून परत पाठीवर टाकला. या प्रसंगाचा अभ्यासक्रमाशी काहीही संबंध नाही.

स्वभावचित्रणाला गाईडवर विसंबून राहा. खान गर्विष्ठ आणि मूर्ख, वाणी धूर्त आणि व्यवहारी. परीक्षकाला एवढंच वाचायचं असतं. इतक्या व्यवहारी माणसाला मुळात मिशी वर वळवायची हौस कुठून आली, वर वळवून त्याला कोण व्हायचं होतं, असले प्रश्न काढत बसू नका. ही हौस तुमच्या ओळखीची निघायची.

संदर्भाच्या नावाखाली फार खोलातही जाऊ नका. खोलात गेलात की पंजाबचा 1900 सालचा जमीन हस्तांतरणाचा कायदा हाताला लागतो. बिगरशेतकरी सावकाराने शेतकऱ्यांच्या जमिनी गिळू नयेत म्हणून इंग्रजांनी तो केला. जमिनीची काळजी सरकारने घेतली. मिशीपायी भांडीकुंडी उधळणाऱ्याला आवरणारं कलम त्यांच्याही डोक्यात आलं नाही. मॉडेल आन्सरमध्ये यातलं काही नसतं, त्यामुळे लिहिलंत तर 'विषयांतर' असा लाल शेरा येईल.

लेखक-परिचय सोपा आहे. जन्म 1905, पेशावर. निधन 2004, पुणे. परीक्षक पुण्याचे असल्यास पुणे ठळक लिहावं. 1935 साली आलेल्या 'अनटचेबल' या कादंबरीचं नुसतं नाव द्या आणि पुढे सरका. सफाईकाम करणाऱ्या बखा नावाच्या पोराचा एक दिवस तिच्यात आहे. ती कादंबरी या कथेशेजारी ठेवू नका, कारण ठेवलीत की तक्ता बिघडतो. सिंह, वाघ, बोकड, मेंढी, उंदीर, सगळं ठीक. बखाची मिशी कुठल्या रांगेत धरायची?

आणि 2017 सालचं गुजरात तर चुकूनही काढू नका. गांधीनगर जिल्ह्यात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी तेव्हा आल्या होत्या, आणि उत्तर म्हणून कितीतरी तरुणांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोऐवजी मिशीचं चित्र लावलं होतं. मागच्या बाकावरून कुणी हा विषय काढलाच, तर सर घड्याळ बघतील आणि 'हे आपल्याला परीक्षेला नाही' म्हणतील. पुढच्या बाकावरचे वहीत तेही लिहून घेतील.

राहता राहिला 'कथेची आजच्या काळातील समर्पकता' हा पाच गुणांचा प्रश्न. 'आज शिक्षणाच्या प्रसारामुळे अशी मानसिकता राहिलेली नाही' असं सुरुवातीलाच ठोकून द्या. मामांनी ताईच्या लग्नात घोडा आणला, ड्रोन उडवला, दोन हजार पान उठवलं, का तर भावकीतल्या लग्नात दीड हजार उठलं होतं. आणि सोसायटीचे हप्ते अजून थकलेले आहेत, हे तुमच्या घरातलं. घरातलं पेपरात लिहू नये. त्या लग्नात फेटा बांधून मिशीला पीळ देतानाचा तुमचा फोटो स्टेटसवर असेल, तर निकाल लागेपर्यंत तो काढून ठेवा.

शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: 'अशा प्रकारे लेखकाने स्वातंत्र्यपूर्व काळातील सरंजामी मनोवृत्तीवर प्रहार केला आहे.' त्यातल्या 'स्वातंत्र्यपूर्व'खाली दोन रेघा मारा. पट्टीने.