‘आधी गोळी, मग विचार’ हा कॅप्टन कर्क नव्हेच

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या, ‘एन्टरप्राइज’ या अंतराळजहाजाच्या कॅप्टन जेम्स कर्कबद्दलचा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कर्क म्हणजे अभ्यासाचा कंटाळा असलेला रगेल गडी. आधी गोळी झाडायची, मग विचार करायचा. ग्रहागणिक एक बाई. नियम कधी पाळले नाहीत, हार कधी मानली नाही. डोकं असलेला कॅप्टन हवा असेल तर नंतरच्या मालिकेतला पिकार्ड बघा.

पिकार्ड मलाही प्रिय आहे. पण १९६६ ते १९६९ मधले मूळ ७९ भाग ज्याने मन लावून पाहिलेत, त्याला या वर्णनातला माणूस ओळखूच येणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अभ्यासाचा कंटाळा? अगदी सुरुवातीच्या एका भागात कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल अंतराळदलाच्या अकादमीतल्या दिवसांची आठवण काढतो. लेफ्टनंट कर्कच्या वर्गात एक तर डोकं चालवा नाही तर बुडा, अशी मुलांमध्ये ख्याती होती, आणि मिचेलच्या लेखी कर्क म्हणजे पाय फुटलेली पुस्तकांची चळत. दुसऱ्या एका भागात कर्क स्वतःच सांगतो की विद्यार्थी असताना तो कमालीचा गंभीर होता आणि फिनेगन नावाचा वरच्या वर्गातला दांडगट त्याला छळायचा. टवाळ पोरांच्या टोळीचा म्होरक्या तो कधीच नव्हता.

आता ‘आधी गोळी’चा आरोप. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठा अन्याय इथे होतो.

‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग काढा. कर्क जहाजावरच्याच एका जोडप्याचं लग्न लावतोय, तेवढ्यात बातमी येते की रोम्युलन या शत्रू जमातीच्या जहाजाने सीमेवरच्या चौक्या उडवल्या आहेत. गोळीच झाडायची असती तर कारण तयार होतं. कर्क काय करतो? सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो. त्याचा उजवा हात, निम्मा परग्रहवासी असलेला टोकदार कानांचा स्पॉक हल्ला करा म्हणतो, जहाजाचा डॉक्टर मॅकॉय युद्ध पेटेल म्हणून विरोध करतो. रोम्युलन दिसायला स्पॉकसारखे निघाल्यावर एक अधिकारी स्पॉकवरच संशय घेतो, तेव्हा कर्क त्याला भर ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, सुनावतो की असला द्वेष आपल्या खोलीत ठेवून यायचा. मग आपल्या खोलीत तो मॅकॉयपुढे मन मोकळं करतो: माझं चुकलं तर काय? जिंकल्यावर तो शत्रूच्या वाचलेल्या माणसांना आपल्या जहाजावर घ्यायची तयारी दाखवतो. शेवटी सकाळी ज्या मुलीचं लग्न लागत होतं तिचा नवरदेव लढाईत मेलेला असतो, आणि कर्क तिला धीर द्यायला जातो. नंतर जहाजाच्या लांब बोळातून चालत जाणारा त्याचा चेहरा बघा. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

१९६७ चा ‘डेव्हिल इन द डार्क’ तर याहून बोलका. खाणीतल्या पन्नासेक कामगारांचा जीव घेणारा एक दगडासारखा प्राणी आणि कर्क बोगद्यात समोरासमोर येतात. कर्कच्या हातात फेझर, म्हणजे किरण सोडणारं पिस्तूल, रोखलेलं. त्या जिवाला मारू नये असं आधी सुचवणारा स्पॉकच आता कॅप्टनच्या काळजीने संपर्कयंत्रावरून ताबडतोब मारा म्हणतोय. कर्क मारत नाही. प्राणी पुढे सरकत नाही असं बघून तो फेझर खाली करतो आणि वाट बघतो. मग कळतं की ती आई आहे आणि खाणकामगार ज्यांना बिनकामाचे गोल दगड समजून फोडत होते ती तिची अंडी आहेत. अख्ख्या मालिकेतला माझा सर्वात आवडता क्षण हा आहे.

तो कधी भडकतच नाही, असा दावा मी करणार नाही. ‘अरीना’मध्ये वसाहत बेचिराख झालेली पाहून तो गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या परग्रहवासीयांच्या जहाजाचा पाठलाग करतो तो संतापानेच, आणि स्पॉकचा सबुरीचा सल्ला झटकून टाकतो. नंतर एका गॉर्नशी एकट्याने लढायची वेळ येते तेव्हा गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून बांबूसारख्या नळीची तोफ करतो, गॉर्नला आडवा करतो, पण त्याचाच दगडी सुरा हातात असताना घाव घालत नाही. कदाचित ही जागा त्यांचीच असेल आणि आपणच घुसखोर ठरलो असू, हा विचार तोवर त्याच्या मनात आलेला असतो. राग येणं आणि रागाच्या हातात सूत्रं देणं, यातला फरक त्याला कळतो.

बायकांबद्दल थोडक्यात. प्रेमप्रकरणं आहेत, नाही कशाला म्हणू? माहिती काढण्यासाठी एका मुलीच्या भावनांशी तो खेळतो, तेही मला आवडत नाही. पण इलान या परग्रहावरच्या राज्यकर्तीच्या अश्रूंतल्या रसायनाने तो वेडा होतो, प्लेटोनियन नावाचे परग्रहवासी मनःशक्तीने त्याला सहकारी उहुराचं चुंबन घ्यायला लावतात. हे प्रसंग त्याच्या खात्यावर ‘शिकार’ म्हणून मांडणं चूक आहे. भूतकाळात गेल्यावर भेटलेल्या ज्या एडिथ कीलरवर तो खरंच जीव लावतो, तिला इतिहास जागेवर राहावा म्हणून डोळ्यांदेखत मरू देतो. मॅकॉय तिला वाचवायला धावतो, त्याला कर्क घट्ट धरून ठेवतो.

नियमांचं म्हणाल तर बेन फिनीला विसरू नका. तरुणपणी दोघे ‘रिपब्लिक’ जहाजावर होते. फिनीने एक सर्किट उघडं ठेवलं, त्याने अख्खं जहाज उडालं असतं. कर्कने ते बंद केलं आणि जिगरी दोस्ताची चूक नोंदवहीत लिहिली. फिनीची बढती रखडली, मैत्री तुटली. नियमांना धाब्यावर बसवणारा माणूस असं करत नाही. पुढे त्याने आदेश मोडले, परक्या समाजांत ढवळाढवळही केली, हे खरं. पण १९८४ च्या चित्रपटात तो जहाज पळवतो ते १९८२ च्या चित्रपटात मेलेल्या स्पॉकसाठी, आणि १९८६ च्या चित्रपटात त्याची शिक्षा म्हणून ॲडमिरलचा पुन्हा कॅप्टन होतो.

राहता राहिली कोबायाशी मारू, म्हणजे अकादमीतली जिंकताच न येणारी परीक्षा, जी त्याने संगणकात फेरफार करून जिंकली. २००९ च्या चित्रपटात तो सफरचंद खात, गालात हसत हे करतो, आणि लोकांच्या डोक्यात तोच कर्क बसलाय. पण तो वेगळ्या कालधारेतला, जन्मतःच बाप गमावलेला कर्क आहे. मूळ कर्कच्या वडिलांनी त्याला एन्टरप्राइजचा कॅप्टन झालेला पाहिलं होतं. १९८२ च्या चित्रपटातही तो सफरचंद खातच ही गोष्ट ऐटीत सांगतो. पण तो चित्रपट तिथे संपत नाही. जहाज वाचवताना स्पॉक काचेपलीकडे मरतो, आणि नंतर कर्क आपल्या मुलाला, डेव्हिडला, सांगतो की मी मृत्यूला असा कधी सामोराच गेलो नव्हतो, दर वेळी फसवून निसटलो आणि स्वतःच्या हुशारीवर स्वतःचीच पाठ थोपटत राहिलो.