मीठा पत्त्याला बडीशेपेचा अर्क मारत नाहीत

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये म्हटलंय की, मीठा पत्ता या विड्याच्या पानाच्या जातीला येणारा बडीशेपेचा वास नैसर्गिक नसतो. दुकानदार पानांवर अर्क मारतात, म्हणून ही पानं खाऊ नयेत. हे चुकीचं आहे.

नागवेलीची जात बदलली की पानातलं सुगंधी तेलही बदलतं. बंगला पानाच्या तेलात युजेनॉल भरपूर. लवंगेचा वास त्याचाच, म्हणून बंगला जिभेला झोंबतं. पश्चिम बंगालमधल्या मीठा पत्त्यात ॲनेथॉल हा मोठा घटक. बडीशेप आणि चक्रीफुलातही तेच असतं, शिवाय ते चवीला मुळातच गोड. आपल्या मिरज भागात होणाऱ्या कपुरी जातीत बंगलाच्या मानाने तेल खूपच कमी, त्यामुळे ती सौम्य लागते. याचा अर्थ ती हलक्या प्रतीची, असा मुळीच नाही.

खात्री करायची तर कात, चुना, गुलकंद काहीही न लावलेलं मीठा पान आणा. दोन्ही बाजूंनी धुऊन कोरडं पुसा, मग देठापासून फाडून बोटांनी चुरडा. चुरडल्यावर वास वाढतो, कारण तेल पानाच्या आतल्या सूक्ष्म पेशींत साठलेलं असतं.

लावलेल्या विड्यात बडीशेप, गोड मसाला पडतोच, त्याचा वास वेगळा. पण ज्या गुणासाठी शेतकरी ही वेल सावलीत, पाण्याचा हिशेब ठेवून जपतो, त्यालाच भेसळ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. हा मेसेज पुढे पाठवू नका.